टाकीखालची खुर्ची

काकांना कुठलीही भरलेली वस्तू दिसली की पहिला प्रश्न ठरलेला. "आत काय?" पिंप असो, टाकी असो, रस्त्याने चाललेला टँकर असो. एकदा त्यांच्या पुतण्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणून आम्ही नारायणगावात दवाखान्यात त्याला बघायला गेलो. पुतण्या कण्हत होता. काकांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नजर वर सलाइनच्या बाटलीवर लावली. "आत काय?" नर्स म्हणाली, ग्लुकोज. "पाण्यापरीस जड किती?" नर्सने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. पुतण्याला कसं वाटतंय हे विचारायचं राहिलं, ते त्यांना बाहेर रिक्षाजवळ आल्यावर आठवलं, मग आम्ही परत वर गेलो.

मी डिप्लोमा करून वारूळवाडीला त्यांच्या वर्कशॉपमध्ये लागले होते. काम टाक्यांचं. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांवर ज्या गोल, चकचकीत नागमोडी पत्र्याच्या, बोल्टने जोडलेल्या टाक्या दिसतात, आत जाड प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या, त्या आम्ही करायचो. कुणाला द्राक्षाला हवी असायची, कुणाला टोमॅटोला, कुणाला पोल्ट्रीला. टाकी भरल्यावर भिंतीवर किती ताण येईल, त्यासाठी पत्रा किती जाड हवा, बोल्ट किती आणि किती अंतरावर, हे गणित काकांचं. बाकीचे टाकीवाले हे छापील तक्त्यात बघून सांगतात. काका प्रत्येक टाकीचं नव्याने मांडायचे, अगदी कालच्याच मापाची असली तरी. मी एकदा म्हटलं, काका, हीच टाकी काल केली की. तर म्हणाले, "ती कालची झाली."

त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, यात घरातली सगळी गेली, हे एकटे शाळेला चिकटले. पुढे पुण्यात ड्राफ्ट्समन झाले, पुष्कळ वर्षं दुसऱ्यांच्या टाक्यांची चित्रं काढली आणि एक दिवस सगळं सोडून परत आले. का आले, याची वर्कशॉपमध्ये तीन उत्तरं होती. वेल्डरच्या मते साहेबाशी भांडण. फिटरच्या मते काकूंना पुण्याचं पाणी मानवत नव्हतं. तिसरं उत्तर असं की तिकडे कुठेतरी एक टाकी फुटली, खाली माणूस होता, आणि गणित करणारा साहेब त्या वेळी घरी जेवत होता. मी काकांनाच विचारलं तर म्हणाले, "तिन्ही खरं धर." मी तिसरं खरं धरलं, कारण त्याशिवाय खुर्चीचा अर्थ लागत नाही.

खुर्चीकडे येतेच, पण आधी बांगडी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गणित शिकवायला घेतलं. हे सगळं मी कॉलेजात शिकलेय, पहिल्या वर्गात पास झालेय, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"असशील," म्हणाले. "मॅडम, बांगडी काढ."

मला ते मॅडम म्हणायचे आणि पुढे लगेच अरे-तुरे. दोन्ही मनापासून. मी एक काचेची बांगडी काढून दिली. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"टाकी म्हंजी अशा बांगड्या एकावर एक ठिवल्या. आता ही मधोमध कापली असं धर. आतलं पाणी दोन्ही अर्ध्यांना भायेर ढकलतंय. धरून कोण ठेवतंय?"

"कापलेल्या दोन जागा."

"मग त्या दोन जागांना इचारायचं, बाई तुला झेपतंय का. झालं गणित. आन् सगळ्यात जास्त ओढ कुठल्या बांगडीला?"

"खालच्या. तिच्यावर पाण्याची सगळी उंची येते."

"आन् वरच्या बांगडीला ह्यातलं काय म्हाईत असतंय?"

"काही नाही."

"हां," म्हणाले आणि बांगडी मला परत देताना त्यांच्या हातात ती वाढली. दुसऱ्या दिवशी नारायणगावच्या बाजारातून डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आले, त्या माझ्या कोपरापर्यंत सरकायच्या. पत्र्याचं माप केसाइतकं चुकलं तर परत पाठवणारा हा माणूस, माझ्या मनगटाचा व्यास त्याने नुसता अंदाजाने धरला होता. पुढे गिऱ्हाइकाबरोबर बायको आली की मी तिला खुणेने सांगायची, हात पदराखाली घ्या.

काही असो, कॉलेजात जे चार पानं भरून शिकवलं होतं ते मला त्या बांगडीने समजलं. खोटं कशाला बोलू.

आता खुर्ची. लोखंडी, घडीची, पाठीवर वडिलांच्या घोंगडीचा तुकडा शिवलेला. काकांच्या वर्कशॉपचा नियम असा की नवी टाकी पहिल्यांदा भरताना, ज्याने गणित केलं त्याने भिंतीपासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसायचं. पाणी काठाला लागेपर्यंत उठायचं नाही. मोबाइल गाडीच्या डिकीत. हातात गणिताचा कागद. पाणी एकेक कडं, म्हणजे पत्र्याची एकेक बांगडी, वर चढत जाईल तसतसा त्या कड्याचा ताण कागदावर बघायचा आणि हाताने भिंत चाचपायची. मी त्यांना म्हटलं, काका, टाकी भरताना जवळ कुणीच थांबू नये असा नियम असतो.

"बाकीच्यांनी न्हाईच थांबायचं," ते म्हणाले. "म्हणून तर एकच खुर्ची हाय."

त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. कुठेही टाकली तरी डुगडुगायची. त्याखाली ते जे हाताला लागेल ते सारायचे, खडा, पत्र्याचा तुकडा, एकदा फिटरची चप्पल. फिटर तासभर एका पायावर उभा. मी एकदा हातातला कागद घडी करून द्यायला गेले तर माझ्यावर असे डोळे वटारले की मी तो परत पसरून, इस्त्री करावी तसा हाताने सारखा केला. गणिताचा कागद त्यांच्या लेखी पायाखाली जायची वस्तूच नव्हती.

आणखी एक रीत होती. टाकी उभी राहिली की आतला प्लॅस्टिकचा कागद घालायच्या आधी, सगळ्यात खालच्या कड्यावर आतल्या बाजूने ते गणित रंगाने लिहायचे आणि खाली सही. मग त्यावर कागद यायचा, पाणी यायचं, आणि ते लिहिलेलं पुन्हा कुणाच्या नजरेला पडायचं नाही. मग लिहायचं कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "कुणी बघणार न्हाई तिथं नीट लिवायची सवय पायजे."

वारूळवाडीतल्या एका लग्नात त्यांनी पंगत उठवली तो किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. कार्यालयाच्या भिंतीला लागून विटांच्या खांबांवर पाण्याची टाकी होती आणि तिच्या सावलीत ताटं मांडली होती. वरण वाढून झालं होतं. काका वर बघून म्हणाले, "आत काय? पाणी. किती? भरलेली. खांबाला चीर कधीपासून हाय?" यजमान म्हणाले, काका, दहा वर्षं झाली, काही होत नाही, तुम्ही भात घ्या. काकांनी भात घेतला नाही. ते उभे राहिले, शेजारच्या म्हाताऱ्याचं ताट उचललं आणि उन्हात नेऊन ठेवलं. म्हातारा ताटामागे गेला. मग दुसरं ताट, तिसरं ताट. नवरदेवाच्या मामांनी आवाज चढवला. काकांनी मामांचंही ताट उचललं. अर्ध्या तासात अख्खी पंगत उन्हात बसून घाम पुसत जिलेबी खात होती, आणि टाकी मागे आपल्या जागेवर होती. ती आजही आहे. मी येता-जाता त्यांना ती दाखवायची. ते म्हणायचे, "न पडलेल्या टाकीचं मला कवा वाईट वाटलं न्हाई." तरी मी पुढच्या लग्नांना त्यांच्यासोबत जायचं टाळलं.

माझी पहिली टाकी बोरी बुद्रुकची. तिथल्या गाईवाल्यांचा एक गट होता. गटाचे जे प्रमुख, त्यांना सगळं गाव अध्यक्षच म्हणायचं, बायकोसुद्धा. अध्यक्ष वर्कशॉपला आले तेव्हा काका आळेफाट्याला गेले होते. टाकी पाहिजे, म्हणाले, पन्नास हजार लिटरची. मी वही काढली. उंची साडेतीन मीटर ठरली, व्यास काढला, पत्रा काढला, बोल्ट काढले. काका आले, त्यांनी कागदावरची प्रत्येक बेरीज-गुणाकार तपासली आणि मान हलवली. "ह्या टाकीखाली तू बसायचं," म्हणाले. वेल्डर-फिटर माझ्याकडे बघायला लागले. तोपर्यंत त्या खुर्चीवर काकांशिवाय कुणी बसलं नव्हतं.

भरायच्या दिवशी अर्धं बोरी जमलं. पोरगी टाकीखाली बसणार म्हणून. मी आतल्या कड्यावर गणित लिहिलं, खाली माझी सही केली, आणि बसले. पाणी छातीच्या उंचीला येईपर्यंत माझ्या हाताला घाम होता. मग डोक्याच्या वर गेलं आणि कसं कोण जाणे, भीती गेली. भिंत गार पडत गेली, एखादा बोल्ट बारीक आवाज करायचा, बाकी काही नाही. पाणी काठाला लागलं आणि काकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "गणित चांगलं हाय का ते कसं वळखायचं? टाकीला टेकून झोप लागली पायजे. मला अजून कुणाच्या गणितावर लागली न्हाई. माझ्या सोताच्या बी न्हाई. पण हिच्या गणितावर एक दिवस लागंल."

घरी जाऊन मी हे आईला तीनदा सांगितलं.

दोन दिवसांनी मी बोल्ट बघायला परत बोरीला गेले तर अध्यक्ष टाकीचं पाणी पाटाला सोडत होते.

"पाणी का सोडताय?"

"मग? टाकी मोकळी करायला नगं? सोमवारी मळी यायची."

"मळी?"

"उसाची मळी वो, मॅडम. कारखान्याची. गुरांच्या मुरवलेल्या चाऱ्यात, मुरघासात घालाया. चार टँकर सांगितल्यात. आमी टाकी त्याच्यासाठीच तर घेतली."

मी विचारलं नव्हतं. आमच्याकडे टाकी म्हटलं की पाणी. ज्या माणसाच्या हाताखाली मी दीड वर्षं काम केलं, जो सलाइनच्या बाटलीला सोडत नव्हता, त्याचा एकुलता एक प्रश्न मी माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाला विचारला नव्हता. आणि काकांनी कागद तपासताना आकडे तपासले, कारण आत काय हे मी विचारलेलं असणारच असं त्यांनी धरलं.

मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, घट्ट पाक, पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. दीडपट नाही, एक पूर्णांक चार. म्हणजे तीच उंची, तोच पत्रा, आणि खालच्या कड्याची ओढ एक पूर्णांक चारपट. आम्ही सगळं पाण्याने तपासलं होतं, आणि पाण्याने ती टाकी पासच होणार होती. मी अध्यक्षांना काही बोलले नाही. गाडी रस्त्याच्या कडेला लावून वहीत आकडे मांडले. पत्रा कदाचित तगला असता. बोल्टच्या भोकांपाशी काय होईल ते मला सांगता येईना. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित खालचं कडं भोकांच्या रेषेत उभं फाटेल, कारण अशा टाक्या फाटल्या तर उभ्याच फाटतात.

शुक्रवार, शनिवार, रविवार मी गप्प बसले. कामाला गेले, काकांबरोबर चहा घेतला, जेवणाच्या सुट्टीत फिटरने मला "खुर्चीवाल्या बाई" म्हटलं त्यावर हसले. सांगायचं म्हणून दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि दुसरंच काही विचारून परत आले. मी स्वतःला समजावत होते की आपण पत्रा नेहमी जरा जास्तच धरतो. टाकी पडायची भीती मला होती, पण काकांचं ते झोपेचं वाक्य परत घेतलं जाईल याची त्याहून जास्त होती. हे लिहायला आजही बरं वाटत नाही.

सोमवारी साडेअकराला अध्यक्षांचा फोन आला.

"मॅडम, काका आल्यात इकडं. दोन टँकर रिकामे झाले, तिसरा लावलाय. काका टाकीखाली खुर्ची टाकून बसल्यात. च्या दिला तर घेईनात, उन्हात बसल्यात. तुमी सांगा की जरा."

काका त्या दिवशी बेल्ह्याला जाणार होते. वाटेत बोरीजवळ टँकर वळताना दिसले असणार. खुर्ची त्यांच्या स्कूटरला कायम बांधलेली असायची. मी त्यांचा फोन लावला. तो डिकीत वाजत राहिला असेल.

अध्यक्ष फोनवर होते तेव्हाच "पंप बंद करा" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. तीन शब्द. मी म्हटलं, "येते." कारण बंद करा म्हटलं की का, हेही सांगणं आलं. ते तीन शब्द मी अर्धा तास गाडीवर बरोबर घेऊन गेले, आणि त्या अर्ध्या तासात मळी चढत होती.

पोचले तेव्हा सगळीकडे तो जड, गोडसर, आंबूस वास. गटाची माणसं लांब कडुनिंबाखाली होती. काका भिंतीपासून हातभर, घोंगडीला पाठ लावून, एक तळवा पत्र्यावर. मला बघून म्हणाले, "मॅडम, बरं झालं आलीस. पहिल्यांदा भरताना पाणी व्हतं, आता मळी. मळीनं भरताना बी बसायला पायजे व्हतं तू. म्हटलं आपण हाय तर बसावं."

"काका, उठा."

"का?"

"तुम्ही आधी उठा, मग सांगते."

"सांग, मग उठतो."

कडुनिंबाखालची माणसं ऐकत होती. मी म्हटलं, "गणित पाण्याचं आहे. मी विचारलं नव्हतं. शुक्रवारपासून मला माहीत आहे."

त्यांनी तळवा पत्र्यावरून काढला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"वास तर मला रस्त्यावरनंच आला," ते म्हणाले. "मला वाटलं तू इचारलं असशील. म्हणून बसलो."

ओरडले असते तर मी सहन केलं असतं. यावर मला रडू आलं आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.

"रड मागनं," काका म्हणाले. "कुठं थांबायचं ते सांग."

"तुम्ही उठा ना."

"थांबायचं कुठं ते ठाऊक न्हाई आन् उठून काय करू? पाणी काठापर्यंत ह्या भिंतीनं धरलंय, ते आपुन बघितलंय. तेवढीच ओढ मळीनं कुठल्या उंचीला येईल? कर."

वही गाडीत होती. मी बोटाने मातीत मांडलं. साडेतीन भागिले एक पूर्णांक चार. शाळेतल्या पोराने केलं असतं इतकं सोपं गणित, आणि माझ्या हाताने ते दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा आलं.

"अडीच मीटर."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी खिशातला स्पॅनर काढून भिंत खालून वर ठोकत नेली. भरलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि रिकाम्या जागी पत्रा वाजतो. त्यांनी वाजला तिथे खडूने खूण केली. टेप लावला. दोन मीटर आणि वर थोडं.

"म्हंजी अजून हातभर जागा हाय," म्हणाले आणि परत बसले.

"काका."

"तूच म्हणालीस ना, नक्की? मग? तू लांब हो. खुर्ची एकच हाय."

मी लांब झाले नाही. माझ्या आयुष्यात मी कुणाची आज्ञा इतकी उघडपणे मोडली नव्हती. त्यांच्या शेजारी मातीत बसले, आणि त्यांनी मला उठवलं नाही. तिसरा टँकर संपला तेव्हा मळी अडीच मीटरच्या दोन बोटं खाली थांबली. खालचं कडं जसंच्या तसं होतं. काकांनी हात वर केला आणि चौथा टँकर फाटकातच थांबवायला सांगितलं.

मग अध्यक्ष पुढे आले. "आता ह्या टँकरचं काय करू, राव?" ते मला विचारत होते आणि त्यांचं बरोबर होतं. त्या दुपारी बोरीच्या सगळ्या वस्त्यांवरून निळे ड्रम गोळा झाले. पोल्ट्रीचे, औषधाचे धुतलेले, लग्नात पाणी ठेवायचे. मी स्वतः दारोदार जाऊन मागितले आणि प्रत्येक दारात कशासाठी ते सांगितलं. मळी ज्याच्या त्याच्या अंगणात, चपलांना, गाड्यांच्या चाकांना लागली. संध्याकाळपर्यंत सगळं गाव चालताना चिकट आवाज करत होतं. अध्यक्षांच्या बायकोने मला साबण दिला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई, जीव तर न्हाई गेला कुणाचा."

निघताना काकांनी लाल रंगाचा डबा माझ्या हातात दिला. टाकीभोवती अडीच मीटरवर पट्टा मारायला लावला आणि पट्ट्याखाली मातीतलं ते गणित, बाहेरच्या बाजूने, मोठ्या अक्षरात. "आतलं चुकलं," म्हणाले. "आता भायेर लिव. सही कर." मी शिडीवर चढून लिहिलं. मळी, अडीच मीटर, ह्याच्या वर नाही. खाली माझं पूर्ण नाव. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतूनही वाचता येतं ते.

त्यानंतर ते मला एका शब्दाने रागावले नाहीत. कामावरून काढलं नाही, पुढच्या टाक्यांची गणितंही माझ्याकडेच दिली. फक्त माझा प्रत्येक कागद आता त्यांच्या टेबलावर जायचा, ते निळी पेन्सिल घ्यायचे आणि वरच्या कोपऱ्यात लिहायचे, "आत काय?" तिथे मी उत्तर लिहिलेलं असायचंच. कधी पाणी, कधी गोमूत्राचं खत, कधी दूध डेअरीचं सांडपाणी, किती जड तेही. ते उत्तर वाचायचे आणि तरी गिऱ्हाइकाला फोन करून स्वतः एकदा विचारायचे. माझ्यासमोर. मला तो फोन वर्षानुवर्षं झोंबत राहिला. एकदा चिडून मी म्हटलं, "काका, अजून किती दिवस?" तर म्हणाले, "मी तुझं गणित तपासत न्हाई. माझं तपासतो. तवा मी बी न इचारता मान हलवली व्हती." हे खरंच होतं, पण त्याने झोंबायचं थांबलं नाही. आणि ते झोपेचं वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. मीही काढलं नाही.

गुडघे गेल्यावर काकांनी वर्कशॉप मुलाकडे दिलं आणि ते घोडेगावजवळ लेकीकडे राहायला गेले. गणित माझ्याकडे आलं, खुर्ची माझ्याकडे आली. आता कुठलाही कागद तपासणारं कुणी नाही. मी पेन्सिल निळीच ठेवली आणि कोपऱ्यात तेच दोन शब्द स्वतः लिहिते, मग फोन करते. आमच्याकडे नवीन लागलेल्यांना मी वेडी वाटते.

गेल्या वर्षी घोडेगावच्या बाजूलाच एक टाकी निघाली. पशुखाद्यवाल्यांची, मळीची, बोरीपेक्षा मोठी, पूर्ण काठापर्यंत भरायची. पत्रा दुप्पट, बोल्टच्या दोन ओळी. आधी पाण्याने भरून झाली, मी बसले. मग मळीचा दिवस आला. सकाळी मी खुर्ची टाकून बसले होते तर नातवाच्या गाडीवरून काका उतरले. हातात काठी, अंगात स्वेटर. मी कळवलं नव्हतं.

"ऊठ," म्हणाले. "मी बसतो."

"गणित माझं आहे, काका."

"ठाऊक हाय. ऊठ."

उठले. त्यांनी खुर्ची मागे ओढून पत्र्याला भिडवली, बसले आणि खुर्ची डुगडुगली. मी घाईने कागद पुढे केला, कारण मला तो प्रश्न त्यांच्या तोंडून यायच्या आधीच उत्तर द्यायचं होतं. "आत मळी आहे. एक पूर्णांक चार धरलंय. नमुना आणून स्वतः वजन केलंय, गिऱ्हाइकाला दोनदा..."

"मी इचारलं का तुला?" काका म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. चष्मा खिशातून काढला नाही, घातला नाही. कागदाची घडी केली, घडीची घडी केली, वाकले, आणि ती खुर्चीच्या आखूड पायाखाली सारली. हलवून बघितलं. खुर्ची स्थिर झाली होती. मग त्यांनी मागे रेलून डोकं थेट पत्र्याला टेकवलं आणि काठी मांडीवर घेतली.

पंप सुरू झाला. मी कडुनिंब शोधला नाही, पण चार पावलं लांब उभी राहिले, कारण खुर्ची एकच होती. मळी दुसऱ्या कड्याला गेली तेव्हा त्यांचं डोकं एका बाजूला कललं. मी धावत पुढे गेले. नातू हसला, म्हणाला, "काय न्हाई वो, घोरत्यात."

काठापर्यंत भरायला दुपार झाली. सहा टँकर येऊन गेले, हॉर्न वाजले, कुणीतरी चहा आणून ठेवला आणि तो गार झाला. मी तो कप हातात धरून तिथेच उभी राहिले, आणि कुणालाही त्यांना उठवू दिलं नाही.